एनआयव्हीने जंतू ओळखला, मग पुढे काय?

मुठाकाठची

राहायला सिंहगड रस्त्यावर. 2025च्या जानेवारीत आमच्या भागात जीबीएसची, म्हणजे गुलेन बॅरी सिंड्रोमची जी साथ आली ती सगळ्यांना आठवत असेल. नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. चालत-बोलत असलेली माणसं दोन-चार दिवसांत व्हेंटिलेटरवर. आमच्या सोसायटीच्या ग्रूपवर त्या वेळी एकच वाक्य फिरत होतं, "नमुने एनआयव्हीला पाठवलेत." एनआयव्ही म्हणजे पुण्यातली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. जणू तिथून उत्तर आलं की सगळं मिटणार.

उत्तर आलंही. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत काहींमध्ये कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय सापडला, काहींमध्ये नोरोव्हायरस. पण त्यानंतर विहिरीचं पाणी, टँकर, खासगी आरओ केंद्रं, महापालिका की राज्य सरकार, हा घोळ आपापल्या गतीने चालूच राहिला. मला प्रश्न पडला की एवढी मोठी राष्ट्रीय संस्था आपल्या गावात आहे, आंबेडकर रस्त्यावर तिची जुनी इमारत आहे, पाषाणला ती भारी सुरक्षेची लॅब आहे, तर तिचं नक्की काम काय? "विहीर बंद करा" असं ती सांगू शकते का? सांगत नसेल तर का नाही? आणि तिला इथे आणलं कोणी?

गूगल करून आलेली उत्तरं संस्थेच्या माहितीपत्रकासारखी आहेत. इथे या क्षेत्रात काम केलेले लोक आहेत, म्हणून धागा काढतेय.

निवृत्त_पिपेट

छान धागे काढता ताई तुम्ही. सरकारी प्रयोगशाळेत जन्म गेला माझा (एनआयव्हीत नाही, पण तिथे नमुने पाठवणाऱ्यांत), त्यामुळे थोडं लिहितो.

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. 1952 साली आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि अमेरिकेचं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. डास-गोचिडांमधून पसरणारे विषाणू शोधायचे म्हणून रॉकफेलरने जगात ठिकठिकाणी केंद्रं उघडली होती, त्यातलं हे एक. 1978मध्ये त्याचं नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था झालं. जुने लोक अजूनही "व्हीआरसी" म्हणतात.

आता काम. विहीर बंद करायचा अधिकार एनआयव्हीला नाही, आणि नसावाही असं माझं मत आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय. साथींवर रोजची नजर ठेवायचं काम आयडीएसपी या सरकारी रोग-देखरेख कार्यक्रमाचं, तो दिल्लीच्या एनसीडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राकडे. पिण्याच्या पाण्याची तपासणी पुण्यातली राज्य आरोग्य प्रयोगशाळा करते. पाणी पुरवणारी महापालिका. एनआयव्ही पंचनामा करते; आरोपी पकडायचा आणि खटला चालवायचा तो दुसऱ्यांनी.

जीबीएसच्या बाबतीत तर पंचनामाही अवघड होता. रुग्णाला जुलाब होतात, ते थांबतात, आणि मग एक ते तीन आठवड्यांनी पाय लुळे पडतात. शरीराने जंतूविरुद्ध बनवलेली प्रतिपिंडं स्वतःच्याच नसांच्या आवरणावर उलटतात म्हणून. म्हणजे तुम्ही शौचाचा नमुना घेता तेव्हा मूळ जंतू बऱ्याच जणांच्या पोटातून निघून गेलेला असतो, आणि ज्या पाण्याने तो आला ते पाणीही कधीच वाहून गेलेलं असतं. सगळ्यांमध्ये न सापडता काहींमध्येच सापडला यात त्यामुळे नवल नाही. "निगेटिव्ह आला म्हणजे नव्हताच" हा निष्कर्ष पेपरवाले काढतात, लॅबवाले काढत नाहीत.

(कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आहे. विषाणूंच्या संस्थेने तो शोधावा लागला याबद्दल आपल्या बाकीच्या व्यवस्थेने थोडा विचार करायला हरकत नाही.)

शंकासुर

छान. म्हणजे अधिकार नाही, जबाबदारी नाही, फक्त शोधनिबंध. नांदेडच्या विहिरीत खडकवासल्याचं पाणी येत होतं आणि गाळलं न जाता नुसती टीसीएल (ब्लीचिंग पावडर) मारून घरोघरी जात होतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यासाठी राष्ट्रीय संस्था कशाला हवी?

मुठाकाठची

शंकासुर, माहीत होतं हे खरं. पण "पाणी खराब आहे" अशी तक्रार 2021ला गावं महापालिकेत आल्यापासून चालूच होती, कोणी ढिम्म हललं नाही. जंतूचं नाव छापून आल्यावर हालचाल झाली. निदान आमच्याकडे तरी.

केरचो_झिलगो

ह्या धाग्यावर माझो हक्क आसा, कारण आमचो गाव ह्या लोकांच्या नकाशार माकडांनी आणलो!

प्रमाण मराठीत लिहितो, नाहीतर पिपेटकाका रागावतील. दोडामार्ग तालुक्यातलं केर. 2016च्या सुरुवातीला आधी रानात माकडं मरून पडायला लागली, मग माणसं तापाने आजारी. काजूचा हंगाम. बागेत पाचोळ्यात वाकून बिया गोळा करायच्या म्हणजे अंगावर गोचीड चढणारच. ताप, भयंकर अंगदुखी, काहींना रक्तस्राव. लोक म्हणाले डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). लेप्टोची सवय आम्हाला आधीपासून होती. एक वर्ष आधी पलीकडे गोव्यात सत्तरीतल्या पाली गावात हेच झालं होतं, पण राज्याची हद्द मध्ये आली की बातमीही गोचिडीच्या वेगाने येते. शेवटी तपासणीत कळलं की हा क्यासनूर जंगल ताप, माकडताप. पुढच्या वर्षी बांद्याकडेही पसरला.

माझी तक्रार रोग ओळखला याबद्दल नाही. नमुना जिल्ह्याबाहेर जायचा आणि रिपोर्ट येईपर्यंत माणूस एकतर बरा होऊन काजू गोळा करायला गेलेला असायचा, नाहीतर गेलेला असायचा. आमच्या शेजारच्या काकींचा रिपोर्ट घरी कधी आलाच नाही. त्यांचं रक्त कुठल्या तरी फ्रीजरमध्ये अजून असेल, त्यावर कोणाची पीएचडीही झाली असेल. काकी मात्र अजून विचारतात, "माका झालेला काय ता?"

निवृत्त_पिपेट

काकींचा प्रश्न रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे बचाव नाही. नियमाने रिपोर्ट पाठवणाऱ्या दवाखान्याकडे किंवा आरोग्य विभागाकडे जातो. तिथून रुग्णाच्या घरापर्यंतचा शेवटचा टप्पा कोणाच्याच कामाच्या यादीत नीट नसतो.

पण माकडताप हा व्हीआरसीचा कुळाचार म्हणावा इतका जुना विषय, म्हणून राहवत नाही. 1957च्या मार्चमध्ये शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली. त्या काळी माकडं मेली की शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा यायचा तो पीतज्वराच्या भीतीने. आशियात तो कधी आला नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी. पुण्याहून माणसं गेली, मेलेल्या माकडांचे अवयव, आजाऱ्यांचं रक्त, गोचिडी, सगळं गोळा केलं. निघाला अगदी नवा विषाणू, रशियाच्या जंगलातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराचा चुलतभाऊ. मग सायबेरियातून येणाऱ्या पक्ष्यांबरोबर आला की काय म्हणून पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) हजारो पक्ष्यांच्या पायांत कड्या घातल्या. पक्ष्यांवरचा तो आरोप काही सिद्ध झाला नाही. आपल्याला मात्र पक्षी-स्थलांतराची अमूल्य माहिती मिळाली.

आणि झिलग्या, रिपोर्टच्या अंतराबद्दल एक गोष्ट तुझ्या बाजूची. एनआयव्हीने गोव्यातल्या मोलबायो कंपनीबरोबर ट्रूनॅट मशीनवर चालणारी माकडतापाची चाचणी तयार केली. ट्रूनॅट हे टीबीसाठी तालुक्याच्या पातळीवर वापरतात ते छोटं मशीन. पुण्याला नमुना पाठवायची गरजच कमी व्हावी, हे त्या चाचणीचं कारण. माझ्या मते राष्ट्रीय संस्थेचं सगळ्यात मोठं काम हेच: स्वतःकडची चाचणी खालपर्यंत उतरवून स्वतःची गरज संपवायची आणि पुढच्या अनोळखी रोगाकडे वळायचं.

केरचो_झिलगो

चाचणी ठीक. लशीचं काय? आमच्याकडे दिली होती. मग ऐकलं बंद.

निवृत्त_पिपेट

जुनी लस बेंगळुरूला बनायची. तिचा परिणाम फारच कमी पडतो असं दिसल्यावर कर्नाटकाने ती थांबवली. आता आयसीएमआर आणि हैदराबादची इंडियन इम्युनोलॉजिकल्स मिळून नव्या लशीवर काम करतायत. तोवर गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल, अंगभर कपडे, आणि मेलेलं माकड दिसलं की हात न लावता आरोग्य केंद्राला फोन.

डॉ_संत्री

नागपूरहून. मी बालरोगतज्ज्ञ आहे, त्यामुळे माझा विषय चांदीपुरा.

आमच्या शेजारचंच गाव. 1965 साली तिथल्या तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून प्रवीण भट्ट आणि रॉड्रिग्ज या व्हीआरसीच्या लोकांनी एक विषाणू वेगळा केला आणि त्याला गावाचं नाव दिलं. त्या वेळी तो फारसा धोक्याचा वाटला नाही. साधा ताप. शीतपेटीत गेला, कागदावर नोंद झाली, लोक विसरले.

2003च्या उन्हाळ्यानंतर आंध्रात मुलं पटापट मरायला लागली. सकाळी ताप, दुपारी झटके, दुसऱ्या दिवशी संपलं. आंध्रात 329 मुलं आजारी, 183 मृत्यू. महाराष्ट्रातही लागण होती. नेहमीचे संशयित, जपानी मेंदूज्वर वगैरे, सगळं तपासून झालं, जुळेना. शेवटी एनआयव्हीने जो पकडला तो हाच, 1965चा. त्यांच्याकडे मूळ विषाणू राखलेला होता आणि त्याच्याशी ताडून बघता आलं, म्हणून तो ओळखता आला. अडतीस वर्षं कोणाच्या उपयोगाची नसलेली बाटली. कुठल्याही लेखापरीक्षकाने मधल्या काळात विचारलं असतं, "हे कशाला सांभाळताय, वीजबिल किती येतं?" तर काय उत्तर देणार होते?

दुसरं असंच उदाहरण कावीळ. 1955-56च्या थंडीत दिल्लीत यमुनेचा प्रवाह सरकला, सांडपाणी वझिराबादच्या पाणीपुरवठ्यात शिरलं, 29,000वर लोकांना कावीळ झाली. सगळे ती ए प्रकारची समजत होते. त्या साथीतले रक्तद्रव जपून ठेवलेले होते. 1980च्या सुमारास, ए आणि बीच्या चाचण्या हाती आल्यावर, खोर्शेद पावरी आणि इतर एनआयव्हीवाल्यांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर ते तपासले. ए नाही, बी नाही. जिला आज आपण हेपटायटिस ई म्हणतो ती ही. गर्भवतींना ती किती घातक ठरते हे मी तुम्हाला सांगायला नको.

म्हणून कोणी "फक्त शोधनिबंध" म्हटलं की मला राग येतो. आता माझाच राग उलट्या बाजूने: 2024ला गुजरातमध्ये चांदीपुराने परत मुलं गेली. विषाणू सापडून जवळपास साठ वर्षं झाली. खाटेशेजारी अर्ध्या तासात सांगणारी चाचणी माझ्याकडे नाही. औषध नाही, लस नाही. तो पसरवणारी वाळूमाशी मातीच्या घरांच्या भेगांत राहते, मुलं गरिबांची. बाजार नाही म्हणून कंपन्या येत नाहीत हे समजू शकतो. पण अशा रोगांसाठीच तर सरकारी संस्था असते ना?

शंकासुर

डॉक, बाटलीचा मुद्दा मान्य. यावर माझ्याकडे उत्तर नाही, एक शंका आहे, आणि ती कोविडपासूनची.

आयसीएमआर म्हणजे एनआयव्हीचे मालक. कोणाची चाचणी करायची हे ते ठरवणार. कुठलं किट चालेल हे ते ठरवणार. कोव्हॅक्सिनमध्ये भारत बायोटेकचे भागीदारही तेच. विषाणूचा वाण एनआयव्हीने दिलेला. 2 जुलै 2020ला त्यांच्या महासंचालकांचं पत्र गेलं की 15 ऑगस्टपर्यंत लस आली पाहिजे. चाचण्या सुरूही व्हायच्या होत्या! पुढे जानेवारी 2021मध्ये तिसऱ्या टप्प्याचा परिणामकारकतेचा निकाल नसताना परवानगी. लस चांगली निघाली हे नशीब. जो परीक्षक, तोच विद्यार्थ्याचा बाप, ही व्यवस्था तुम्हाला चालते?

निवृत्त_पिपेट

नाही चालत. ते पत्र तर मला तेव्हाही लाजिरवाणं वाटलं होतं.

पण पत्र लिहिणारे दिल्लीतले आणि खुर्चीत बसून पीसीआर लावणारे पुण्यातले यांत फरक कर रे बाबा. 2020च्या जानेवारीत देशभरातल्या संशयितांचे नमुने एनआयव्हीतच पक्के होत होते. मार्चमध्ये पुण्यातले पहिले रुग्णही तिथेच पक्के झाले. मधल्या दोन महिन्यांत देशभरच्या विषाणू प्रयोगशाळांना प्रायमर, प्रोब (चाचणीला लागणारे घटक), पॉझिटिव्ह कंट्रोल, प्रशिक्षण, सगळं तिथून गेलं. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणजे चाचणी खरंच चालते की नाही हे पडताळायला लागणारा खात्रीचा नमुना. तो नसेल तर लाखो रुपयांचं मशीन शोभेचं. बातमीत हे कधी येत नाही, कारण डब्यातून आलेल्या इवल्याशा नळीचा फोटो काय काढणार?

किटांचंही तसंच. मार्च 2020मध्ये पुण्याच्या मायलॅबचं पीसीआर किट पडताळून निघालं आणि परदेशी किटांवरचं अवलंबन सैल झालं. उलट एप्रिलमध्ये दोन चिनी कंपन्यांची रॅपिड अँटिबॉडी किटं राज्यांमध्ये वाटल्यावर परत मागवायची पाळी आली. पडताळणी घाईत झाली की काय होतं ते तिथे दिसलं. दोन्ही गोष्टी एकाच यंत्रणेच्या, हे मी लपवत नाही.

वाईची_वेलची

थोडं अवांतर. महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह या जीवघेण्या विषाणूच्या खुणा सापडल्याची बातमी 2021ला आली तेव्हा मुंबईच्या नणंदेने फोन करून विचारलं, "स्ट्रॉबेरी खायची का गं?" नमुने मार्च 2020चे, बातमी वर्षभराने. आधी सांगितलं असतं तर आम्ही घाबरलो असतो, उशिरा सांगितलं म्हणून चिडलो. त्यांनी करायचं तरी काय?

डॉ_संत्री

खा हो स्ट्रॉबेरी, धुऊन. वटवाघळांत माग काढून ठेवणं म्हणजे उद्या वाई-साताऱ्यात मेंदूज्वराचा विचित्र रुग्ण आला तर आमच्या डोक्यात निपाह येईल, एवढाच त्याचा उपयोग आणि तो पुरेसा आहे. 2018ला कोळिकोडला पहिल्यांदा निपाह आला तेव्हा शंका तिथल्या डॉक्टरांनी घेतली, मणिपालच्या लॅबने दुजोरा दिला आणि पुण्याने शिक्कामोर्तब केलं. 2023ला परत आला तेव्हा एनआयव्हीची फिरती बीएसएल-3 (कडक जैवसुरक्षेची) प्रयोगशाळा कोळिकोडला जाऊन उभी राहिली. नमुन्याने लॅबकडे जायचं की लॅबने नमुन्याकडे, हा बदल पाच वर्षांत झाला. झिलग्याच्या तक्रारीचं उत्तर याच दिशेला आहे.

बर्लिनचा_बंड्या

इथल्या रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटबद्दल लिहितो. 1891ची संस्था, जर्मनीची राष्ट्रीय. गंमत म्हणजे आरकेआयलाही स्वतःहून विहीर बंद करता येत नाही! आदेश काढतं ते शहराचं किंवा जिल्ह्याचं आरोग्य कार्यालय. तेव्हा अधिकार नसणं हा फक्त भारतीय आजार नाही.

फरक दोन. डॉक्टर आणि लॅबने कुठले रोग कळवायचे हे कायद्यात आहे, आणि ते आकडे आठवड्याला आठवड्याला जिल्हावार कोणालाही बघता येतात. मी घरी बसून माझ्या जिल्ह्यात गेल्या वर्षी किती कॅम्पिलोबॅक्टर झाले ते काढू शकतो. इथे तो सगळ्यात जास्त नोंदल्या जाणाऱ्या पोटाच्या जंतूंपैकी आहे, बरं का. कच्च्या कोंबडीची कृपा.

दुसरा फरक 2011च्या साथीत दिसला. ईकोलायच्या एका भयानक प्रकाराने पन्नासच्या वर लोक गेले. हांबुर्गच्या अधिकाऱ्यांनी घाईने स्पेनच्या काकडीवर खापर फोडलं, स्पेनच्या शेतकऱ्यांचं वाटोळं झालं, आणि काकडी निर्दोष निघाली. मग आरकेआयच्या लोकांनी काय केलं, तर एका उपाहारगृहात जेवून गेलेल्या गटांनी नेमके कुठले पदार्थ मागवले ते काढलं आणि स्वयंपाक्याला विचारलं की त्या पदार्थांत काय काय घालतोस. धागा पोचला मोडांपर्यंत. पुढे माग निघाला इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यापर्यंत. आपली मेथी! हे सूक्ष्मदर्शकाखाली सापडलं नाही, वही-पेन घेऊन लोकांना विचारल्यावर सापडलं.

जीबीएसच्या वेळी असं घरोघर "गेल्या तीन आठवड्यांत काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलात" विचारलं का? विचारलं असेल तर ते लोकांना वाचायला मिळालं का?

मुठाकाठची

घरोघरी सर्वेक्षण झालं, आमच्याकडेही आले होते दोघे जण. जुलाब झाले का, पाणी कुठलं, चिकन-पनीर कुठे खाल्लं. उत्तरं लिहून नेली. त्याचं पुढे काय झालं ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. म्हणजे झिलग्याच्या काकी आणि आम्ही एकाच रांगेत.

माझ्यापुरतं आता एवढं स्पष्ट झालं की एनआयव्हीच्या दारात जाऊन पाण्याबद्दल भांडण्यात अर्थ नाही. वॉर्ड ऑफिसकडे पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल मागायचे. पिपेटकाका, अर्जात नेमकं काय लिहू?

निवृत्त_पिपेट

तीन गोष्टी मागा. तुमच्या भागातून घेतलेल्या पाणी-नमुन्यांच्या तारखा आणि जागा. प्रत्येकाचा जिवाणू तपासणीचा निकाल. आणि उरलेल्या क्लोरीनच्या रोजच्या नोंदी. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ती रोज व्हायला हवी आणि नेमकी तीच वही कोरी सापडते. माहिती अधिकारात टाका, साध्या अर्जाला पोच मिळते, उत्तर मिळत नाही.

केरचो_झिलगो

क्लोरीनची ओटी टेस्ट स्वतः करा की. आमच्या ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा गडी करतो. बाटलीत पाणी, दोन-चार थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. नाही झालं तर ग्रामसेवकाला फोन.

मुठाकाठची

किट मागवते. टाकीच्या पाण्याची करू की नळाच्या?

निवृत्त_पिपेट

दोन्हीची करा, पण वेगवेगळी लिहून ठेवा. पाणी सुटल्यावर महापालिकेच्या लाईनवरच्या पहिल्या तोटीचं घ्या, टाकीत पडायच्या आधीचं. तिथे पिवळं आणि टाकीत बिनरंगी आलं तर भांडण वॉर्ड ऑफिसशी नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीशी आहे.